सायकलवाल्याने लावलेला पियानो

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलवाला बसतो. त्याच्या कानाला तोड नाही. चाकाच्या एकेका स्पोकला नखाने टिचकी मारतो आणि ऐकतो. ढिला स्पोक बद्द बोलतो, त्याला आवळायचं. त्याने आउट काढलेलं, म्हणजे डुगडुग घालवलेलं, चाक फिरताना जागीच उभं वाटतं.

त्याची बायको घरी मुलांना पियानो शिकवते. रविवारी मुलांचे आईबाप पहिल्यांदाच ऐकायला येणार होते. शिकवणी टिकणार की नाही ते त्या दिवशी ठरणार, आणि पियानो सुरातून पार उतरलेला.

"तळ्यापलीकडच्या आजींना बोलवा," बायको म्हणाली. "त्या पियानोच लावतात."

"तारा ओळखणारा माणूस घरात असताना?" तो म्हणाला.

"अहो, पायडल आहे म्हणून पियानोची सायकल होत नाही!"

त्याने हसत झाकण उघडलं. बहुतेक पट्ट्यांमागे तीन-तीन तारा. तिन्ही एका सुरात हव्यात, हे त्याला लगेच कळलं. खुंटीवर बसेल असा पाना त्याने स्वतः घासून केला आणि आवळत सुटला. ढिलं ते वाईट, हे त्याच्या हाडात मुरलेलं. संध्याकाळपर्यंत एकेक पट्टी घंटेसारखी वाजू लागली.

बायकोने दोन ओळी वाजवल्या आणि हात मांडीवर ठेवले. "एकेक सूर शहाणा आहे हो. एकत्र आले की भांडतात."

तिचे डोळे भरलेले त्याने पाहिले. पाना खाली ठेवला आणि स्वतःच तळ्यापलीकडे गेला.

सकाळी आजी सायकलवरून आल्या. पियानो ऐकून म्हणाल्या, "कोणी आवळलंय?"

"मी."

"तिन्ही तारा छान जुळवल्यास, बाबा. पण प्रत्येक पट्टीचं घर आपल्यात खूश, शेजाऱ्याशी अबोला. कितीतरी तारा सैल कराव्या लागतील."

"सैल?"

"सैल. आणि असा माझ्या डोक्यावर उभा राहू नकोस."

"आजी, तुमचं मागचं चाक घासतंय. गल्लीत शिरलात तेव्हाच ऐकू आलं."

"कालच तर मी स्वतः आवळलं ते!" आजी घुश्श्यात म्हणाल्या.

बायको खळखळून हसली.

तो पायरीवर चाक घेऊन बसला. आत आजी, बाहेर तो. दोघेही सैल करत होते. दुपारी बायकोने संपूर्ण गाणं वाजवलं. त्याने फिरतं चाक हाताने थांबवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"आउट नाही," तो म्हणाला.