छेद आपल्या हातात

आमच्या संस्थेचा निकाल शंभर टक्के लागला, त्या संध्याकाळी मी मैसूरपाकाच्या ताटाला हात लावला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण लावला. दोन तुकडे जागेवर खाल्ले आणि तिसरा आईसाठी कागदात बांधून घेतला. तूप हाताला लागलं ते मी त्याच रजिस्टरच्या पुठ्ठ्याला पुसलं, ज्यात दोन वर्षांपूर्वी दाखल झालेल्यांची नावं होती. डाग पुढं कितीतरी वर्षं तिथं होता.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. बंगळुरात सरकारी कारखाने उभे राहत होते आणि त्यांना कागद वाचता येणारे, नकाशा समजणारे कामगार हवे होते. म्हणून पेठेच्या कडेला आमच्यासारखी एक संस्था निघाली. दिवसा कारखान्यात राबायचं आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ इथं बसून यंत्रकामाचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायचा. कारखान्यातला अनुभव असेल तर आठवी पासवरही प्रवेश मिळे. मी तिथं कारकून होतो, हंगामी. अक्षर चांगलं, टायपिंग बरं आणि मान खाली घालण्याची सवय, एवढ्या भांडवलावर नोकरी मिळाली होती.

प्राचार्य पुण्याचे. कुठल्याशा कारखान्यातली मोठी जागा सोडून आले होते. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना आधी आनंद झाला, मग माझं मराठी ऐकून तो ओसरला. आमची माणसं तीन-साडेतीनशे वर्षं या गावात. आमच्या मराठीत कानडी मुरलेलं. मी 'सरी सर' म्हणालो की ते म्हणायचे, "अहो, 'बरं' म्हणा. घरी तरी मराठी बोलता ना?" मी पुन्हा 'सरी' म्हणायचो. तेवढाच माझा सूड.

टक्केवारी म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी निकालाचा तक्ता करून नेला, त्यात दाखल झालेल्यांच्या आकड्यानं पास झालेल्यांचा आकडा भागला होता. त्यांनी तो कागद दोन बोटांत धरून उचलला.

"हे काय केलंत?"

"टक्के काढले सर."

"खाली दाखल झालेले कशाला घेतले? परीक्षेला बसलेले घ्या. सगळीकडे तसंच घेतात." मग खुर्चीत मागे रेलून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, अपूर्णांकाला अंश असतो आणि छेद असतो. अंश मुलांच्या हातात. छेद आपल्या हातात."

बोलणं असं चतुर होतं की मला त्यात शहाणपण दिसलं. मी ते घरी येऊन सांगितलंसुद्धा. त्याचा अर्थ काय होतो हे कळायला मला आणखी एक वर्ष लागलं.

अर्थ असा होता. जानेवारीत पूर्वपरीक्षा व्हायची. त्यात जे डळमळीत दिसत त्यांना एकेक करून ऑफिसात बोलवायचं, चहा द्यायचा आणि एका कागदावर सही घ्यायची. 'घरगुती अडचणींमुळे मी या वर्षी परीक्षेस बसू इच्छित नाही. माझे नाव स्वखुशीने मागे घेत आहे.' इंग्रजीत. मजकूर प्राचार्यांचा, टायपिंग माझं. मग उरलेल्यांचीच नावं बोर्डाकडे जायची. मी सांगतोय त्या तुकडीत एकेचाळीस जण दाखल झाले होते. अकरा जण आपापल्या कारणांनी गळाले, कुणाची पाळी बदलली, कुणाची बदली झाली. उरले तीस. त्यांतल्या आणखी अकरांच्या घरी त्या जानेवारीत, एकाच आठवड्यात, अडचण उद्भवली. परीक्षेला एकोणीस बसले, एकोणीस पास झाले. शंभर टक्के. दाखल झालेल्यांपैकी म्हणाल तर निम्मेसुद्धा नाहीत. पण तसं म्हणणार कोण? रजिस्टर माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या खिशात.

त्या अकरांत माझा अण्णा होता. माझा सख्खा थोरला भाऊ.

वडील थकले तेव्हा अण्णानं आठवीनंतर शाळा सोडली आणि तो कामाला लागला. त्याच्या जिवावर मी इंटरपर्यंत शिकलो. तो पुढं सरकारी कारखान्यात फिटर झाला, लग्न करून राजाजीनगरला दोन खोल्यांत राहायला गेला. चाळिशीला आल्यावर त्यानं ठरवलं की आपण डिप्लोमा करायचा. कारण साधं होतं. वीस वर्षं कानस चालवून खांदा भरून आला होता. चार्जमन झालं की हातानं काम करायचं नसतं, करून घ्यायचं असतं. त्याला तेवढंच हवं होतं. दोन वर्षं तो सायकलवरून आला, भोंगा झाल्यावर हात धुऊन थेट. मागच्या बाकावर बसायचा, आपल्या निम्म्या वयाच्या पोरांच्या मागे. कार्यशाळेत पहिला, ड्रॉइंगमध्ये चांगला. गणितात मात्र पूर्वपरीक्षेला शंभरात बावीस.

प्राचार्यांनी यादी माझ्यापुढं सरकवली. "हे तुमचे बंधू ना? बाकीच्यांशी मी बोलतो. यांच्याशी तुम्हीच बोला. घरचा माणूस म्हणजे बरं पडतं." मग सहज आठवल्यासारखं, "तुमचं कायम करण्याचं प्रकरण जूनमध्ये समितीपुढं आहे, नाही का?"

नोकरीच्या भीतीनं केलं असं म्हटलं तर मी सुटेन, लोक समजून घेतील. पण तेवढंच खरं नाही. मला मनापासून वाटत होतं की मी अण्णाला वाचवतोय. आमच्या घरात नापास होणं म्हणजे काय असतं ते मी भोगलं होतं. इंटरला मी एकदा आपटलो, तेव्हा वडील वर्षभर माझ्याशी थेट बोलले नाहीत. पानावर शेजारी बसून आईला सांगायचे, "त्याला मीठ वाढ." मी मीठ मागितलेलं नसायचं. पेठेतल्या आमच्या लोकांत तशीच रीत होती, पेपरात नंबर नसला की पोरगं लग्नाच्या पंगतीला जात नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. नापास होण्यापेक्षा न बसलेलं बरं, असं मला वाटायचं. त्या कागदाची मला लाज वाटली नाही. उलट तो अब्रूवरचं पांघरूण वाटला.

एका रविवारी सकाळी मी राजाजीनगरला गेलो. अण्णा जमिनीवर बसून ड्रॉइंग काढत होता. खोक्याच्या फळ्या जोडून बोर्ड त्यानं स्वतः केला होता, काटकोनात, कुठंही फट नाही. वहिनीनं अवलक्की, म्हणजे पोहे, आणि कॉफी आणून ठेवली.

"बस रे. स्वल्प कॉफी घे आधी," अण्णा म्हणाला.

मी कॉफी प्यालो आणि कागद काढला. म्हणालो, या वर्षी राहू दे, गणित कच्चं आहे, पुढच्या वर्षी तयारीनं बस. उगाच नापासाचा शिक्का कशाला?

"त्यांनी सांगितलं काय असं?"

"मी पण सांगतोय."

त्यानं पेन्सिल बोर्डाच्या कडेला ठेवली. मग हात धोतराला पुसले. "सही कुठं?"

"वाचून तरी घे, अण्णा."

"तू लिहिलंस की. तर वाचायचं कशाला?"

त्यानं सही केली. कानडीत, सावकाश, प्रत्येक अक्षर कानशीनं घासल्यासारखं. वहिनीनं विचारलं, काय आहे ते. तो म्हणाला, "काही नाही गं, ऑफिसचं." मी उरलेली अवलक्की खाऊन निघालो.

जूनमध्ये निकाल लागला. दारावर रंगवलेली पाटी लागली, मैसूरपाक वाटला गेला. प्राचार्यांचं भाषण झालं. त्यात ते म्हणाले की या संस्थेत नापास हा शब्द नाही. खरंच होतं ते. त्याच महिन्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं.

मग एका संध्याकाळी अण्णा ऑफिसात आला. वर्गाला नव्हे, माझ्या टेबलापाशी. खिशातून कारखान्याचं परिपत्रक काढून त्यानं पसरलं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका पोरानं त्याला वाचून दाखवलं होतं.

"मार्कलिस्ट दे रे माझी."

"तू परीक्षेला बसला नाहीस ना, अण्णा. मार्कलिस्ट कुठली?"

"वाच स्वल्प."

मी वाचलं. चार्जमनच्या जागांसाठी चाचणी होती. डिप्लोमा पूर्ण हवाच असं नव्हतं. शेवटच्या परीक्षेत कार्यशाळा आणि ड्रॉइंग या दोन विषयांत पास असलं की पुरे. बाकीच्या विषयांत नापास असला तरी चालणार होतं. फक्त बोर्डाची गुणपत्रिका जोडायची. वयाची अट बेचाळीस. अण्णाला ते वर्ष शेवटचं.

मी परिपत्रक पुन्हा वाचलं, काही निसटलं असेल म्हणून. काही निसटलं नव्हतं. गणितात भोपळा मिळाला असता तरी तो चाचणीला बसला असता. नापासाचा जो कागद मी त्याच्यापासून वाचवला, तोच कागद त्याला हवा होता.

"तर मग एवढं लिहून दे," तो म्हणाला, "की मी दोन वर्षं आलो आणि ही कामं केली. साहेबाला दाखवून बघतो."

मी आत गेलो. प्राचार्यांनी ऐकून घेतलं, वाईटही वाटल्यासारखं केलं. "अहो, पण असा दाखला दिला की उद्या उरलेले दहा येतील. जानेवारीपर्यंत शिकत होते असं आपणच लिहून द्यायचं? मग ते गेले कुठं असं कुणी विचारलं तर?" आणि मग, "त्यांनी स्वखुशीनं सोडलंय. सही आहे त्यांची."

मी वाद घातला नाही. पत्र मिळून पंधरा दिवस झाले होते. बाहेर येऊन अण्णाला सांगितलं, नियमात बसत नाही.

भिंतीवर निकालाचा तक्ता होता. अण्णा त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. एकोणीस नावं त्यानं बोट न लावता, वरून खाली वाचली. दोघांना तर त्यानंच कानस धरायला शिकवलं होतं.

"नापास कुठं लावलेत?"

"नापास कुणी नाही."

"आमच्यात रिजेक्ट पीस पण मोजतात रे," तो म्हणाला. "लाल खडूची खूण करून वेगळ्या ट्रेत ठेवतात. किती बिघडले ते कळायला नको?"

तो चिडला नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं. परिपत्रक चार घड्या करून त्यानं खिशात ठेवलं आणि सायकल घेऊन गेला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ असं वडील दुसऱ्यांबद्दल म्हणायचे. ते तोवर गेले होते, एवढंच माझं नशीब.

पुढच्या वर्षी त्याला पुन्हा प्रवेश मिळाला नाही. एकदा मागे हटलेल्याला प्राचार्य घेत नसत, छेद जड होतो म्हणून. एकोणिसांतला एकजण वर्षभरात अण्णाच्या खात्याचा चार्जमन झाला. चांगला मुलगा होता, अण्णाला 'सार' म्हणायचा. अण्णाचा खांदा त्या पावसाळ्यात पार धरला, तरी कानस सुटली नाही.

मी हेडक्लार्क झालो. प्राचार्य बदलले, पद्धत राहिली, आणि नव्या कारकुनाला छेदाची गोष्ट मीच समजावून सांगितली. आजही पेपरात कुठल्या शाळेचा, कॉलेजचा निकाल एवढे टक्के असं वाचलं की मी नातवाला विचारतो, कितींपैकी? तो म्हणतो, आजोबा, शंभरपैकी.

साठचं दशक सरता सरता कारखान्यानं सगळ्यांची सर्व्हिस बुकं नव्यानं करायला घेतली. अण्णा फॉर्म घेऊन माझ्या घरी आला. एवढं होऊनही फॉर्म तो माझ्याकडेच आणायचा, का ते मी कधी विचारलं नाही. मी नाव, पत्ता, रुजू झाल्याची तारीख भरली आणि शिक्षणाच्या रकान्याशी पेन थांबलं.

"अण्णा, इथं आपल्या संस्थेतली दोन वर्षं..."

"त्याला कागद आहे काय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"आठवी लिही," तो म्हणाला.

मी आठवी लिहिलं. अक्षर अजून चांगलं होतं. फॉर्म फिरवून त्याच्यापुढं ठेवला, पेन दिलं आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. त्यानं पेन बाजूला ठेवलं, खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि कागद हातात घेतला. इंग्रजी होतं. पहिल्या ओळीपासून बोट फिरवत, एकेक शब्द जुळवत तो वाचू लागला. त्याला बराच वेळ लागला. मी समोर बसून होतो.