‘खोटे’ न लिहिणारे आप्पा गार्ड

आप्पा गार्डांनी कोणाच्याही नाण्याला कधी खोटे म्हटले नाही. दौंडला मालगाड्यांचे गार्ड म्हणून आयुष्य काढून ते निवृत्त झाले आणि जुन्या नाण्यांच्या संग्राहकांचा ई-मेलवरचा गट चालवू लागले. एखादे नाणे बनावट दिसले, तर ते गटात गप्प राहत आणि त्या गृहस्थाला एकट्याला लिहीत : ‘आपल्या नाण्याचे वजन कळवावे. शंका माझी, नाणे आपले.’

सायबर कॅफेत बसून आम्ही रोमन अक्षरांत मराठी लिहीत असू. वयाने निम्म्या असलेल्यालाही आप्पा ‘आपण’ असेच लिहीत. राग आला, की उत्तर कागदावर उतरवून एक दिवस तसेच ठेवत. ‘‘गाडी यार्डात हुभी ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या दिशी बघा, सोडायची गरज हाय का,’’ असे मला सांगत. मी शिरूरचा. जाणकाराने स्पष्ट बोलावे, असे माझे मत होते.

दौंडजवळच्या राहू गावच्या एका निवृत्त गुरुजींनी गटात शिवराईचे छायाचित्र टाकले. शिवराई म्हणजे तांब्याचे जुने नाणे; हे मात्र कालच पाडल्यासारखे लखलखत होते. मी सर्वांसमक्ष लिहिले : ‘नाणे खोटे आहे. शाळेत मुलांना दाखवत असाल, तर ही फसवणूक थांबवा.’ कोणीतरी तो मजकूर छापून घेतला आणि राहूच्या पारावर वाचून दाखवला. चौथ्या दिवशी गटात गुरुजींचे पत्र आले : ‘माझे नाव कमी करावे. यापुढे माझा शोध घेऊ नये.’

दुसरे वाक्य मी तीनदा वाचले.  आप्पांना फोन केला. ते रागावले नाहीत. त्याने भीती वाढलीच.

‘‘लगोलग यष्टी धरा,’’ ते म्हणाले.

मी एस.टी.ने दौंड गाठले; तिथून आम्ही जीपने राहूला निघालो. आप्पांच्या खिशात नाणी तोलायचा लहान काटा होता. वाटेत मी विचारले, ‘‘नाणे खरोखरच खोटे निघाले तर?’’

‘‘तरी माफी तुमालाच मागायची हाय.’’



गुरुजींच्या घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, ‘‘गुरुजी व्हय? मळ्यातल्या हिरीकडं गेल्यात. डबा घिऊन.’’

आम्ही मळ्याकडे निघालो. गुरुजी विहिरीच्या काठावर बसले होते. पाय आत सोडलेले, मांडीवर नाण्यांचा पत्र्याचा डबा. मी धावणार, तोच आप्पांनी माझा दंड धरला. वीस पावलांवर थांबून त्यांनी वहाणा काढल्या, हात जोडले.

‘‘गुरुजी, मी दौंडचा गार्ड. बसू का तुमच्यापाशी?’’

 मग गुरुजी थोडे सरकले. आप्पा जाऊन बसले. मी उभाच होतो.

‘‘हेच का ते?’’ गुरुजींनी माझ्याकडे बघून विचारले.

‘‘व्हय, ह्येच.’’

‘‘मला वाटलं, कुणी तरणं पोर असेल.’’

‘‘न्हाई. म्हातारं हाय. पर अजून शिकतंय.’’

गुरुजी किंचित हसले. मी माफी मागितली. आयुष्यात प्रथमच मागत होतो. शब्द नीट जुळले नाहीत. गुरुजी म्हणाले, ‘‘फोटोत अक्षरं दिसावीत म्हणून मी ते चिंचेनं घासलं हो. चुकलंच माझं.’’ त्यांनी नाणे आप्पांपुढे धरले. ‘‘घ्या, वजन करा.’’

‘‘आज न्हाई,’’ आप्पा म्हणाले. ‘‘आज च्या पाजा.’’

काटा खिशातच राहिला. चहा होईपर्यंत डबा आप्पांच्या हातात होता. त्याच संध्याकाळी मी गटात जाहीर माफी लिहिली. तिची छापील प्रत आप्पांनी स्वतः राहूच्या पारावर वाचली. गुरुजी गटात परतले.

दोन वर्षांनी आप्पा गेले. बातमी मीच गटात लिहिली. पहिले उत्तर राहूहून आले : ‘त्या दिवशी विहिरीत मी काय टाकायला गेलो होतो, हे त्यांनी मला कधीच विचारले नाही.’

मीही विचारलेले नाही. आठवडाभर गुरुजींचा मजकूर आला नाही, की काहीतरी निमित्त काढून मी राहूला फोन लावतो. ते ‘हॅलो’ म्हणेपर्यंत उभा असतो.