पिवळ्या पडद्यामागचा आवाज

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता हो. सासरच्या विहिरीवर हडळ आहे म्हणायचे, तिथे मी तिन्हीसांजेला एकटी धुणं धुवायची! तरी गेल्या हिवाळ्यात म्युनिकमध्ये जे झालं, ते जसं झालं तसं लिहिते.

मी मुलाकडे राहते. सुनेला, मुग्धाला, हॅनोव्हरला मोठी नोकरी मिळत होती. आठवड्यातले चार दिवस तिकडेच राहायचं. मला ते नको होतं. पण तिच्याशी बोलले नाही... मुलाला गाठलं. ती ऑफिसात, नात शाळेत, तेव्हा किचनमध्ये त्याला म्हटलं, "नाही म्हणून सांग तिला. माझं नाव मात्र मध्ये आणू नकोस." तो 'बरं' म्हणाला. रविवारी सांगणार होता.

शनिवारी सकाळी अकराला मुग्धा मला आणि नातीला, इराला, एका म्युझियममध्ये घेऊन गेली. जुन्या चीनचं प्रदर्शन होतं. छोटं सिंहासन, मागे पिवळा रेशमी पडदा. पाटीवरचं जर्मन मुग्धाने वाचून सांगितलं — राजा पाच वर्षांचा, कारभार राजमातेचा. ती पडद्यामागून हुकूम सोडायची, पोर तेच दरबारात बोलायचं. दिराला विष, सवतीला कोठडी... सगळं पोराच्या तोंडून.

"हुशार होती हो बाई," मी म्हटलं.

"आई, तुम्हाला तर पडदाही लागला नसता!" मुग्धा हसली. मीही हसले.

तेवढ्यात पडद्यामागून कुणी म्हातारी बाई बोलली. हळू, तुटक. भाषा कळली नाही. सिंहासनापुढे उभी असलेली इरा वळली. नऊ वर्षांची आहे, मराठी कळतं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये. ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "नाही म्हणून सांग तिला. माझं नाव मात्र मध्ये आणू नकोस."

"कुणाला गं?" मुग्धाने विचारलं.

"वास?" इरा पुन्हा जर्मनमध्ये म्हणाली, म्हणजे 'काय?'. आपण काही बोललो हेच तिला ठाऊक नव्हतं.

मी बाजूने वाकून पाहिलं. पडद्यामागे वीतभर जागा, मग भिंत. मुग्धाला तो आवाज ऐकूच आला नव्हता. इराचं वाक्य मात्र ऐकलं होतं, आणि माझा चेहरा दिसत होता.

"आई, काय झालं?"

तिथल्याच बाकावर बसून तिला सगळं सांगितलं. तिने इराला जवळ ओढून घेतलं. मग म्हणाली, "मला विचारलं असतंत तर कदाचित थांबलेही असते. आता जाणार."

मुलगा शपथ घेऊन सांगतो, त्याने इराला काही सांगितलं नाही. मग तिला ते कुठून कळलं, पडद्यामागे कोण बोललं... मला आजही उलगडलेलं नाही.

मुग्धा दर सोमवारी हॅनोव्हरची गाडी धरते. निघताना मला सांगून जाते. विचारत नाही.