रिमोटवरचा सूर्य

शरदराव बिराजदारांना ‘हो’ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात दुसऱ्याचं लग्न जमून मोडतं, असं त्यांची बायको शामला म्हणते. ‘नाही’ मात्र त्यांच्या जिभेवर तयारच असतं. कुवेतमधल्या एका मोठ्या इस्पितळात एसी प्लँटवर त्यांनी चोवीस वर्षं काढली आणि या चोवीस वर्षांत न पाहता एकाही कागदावर सही केली नाही. फिल्टर बदलले म्हणून कंत्राटदाराचा माणूस कागद पुढे करायचा, की हे म्हणायचे, “शिडी आण.” शिडी येईपर्यंत कागद मागे जायचा आणि फिल्टर खरोखर बदलले जायचे. वरच्या साहेबांना हा माणूस नकोसा वाटे आणि सोडवतही नसे.

निलंग्याकडचा हा गडी राहायला कुवेतच्या एगैला वस्तीत, आमिनाबाईंच्या मुलहकमध्ये. मुलहक म्हणजे मोठ्या घराच्या अंगणात मागाहून बांधलेल्या दोन खोल्या. सतरा वर्षांपूर्वी शरदराव आणि शामला तिथे आले ते वर्षभरासाठी म्हणून. मग मुलगी तिथेच मोठी झाली, शिकायला पुण्याला गेली, आणि हे दोघं तिथेच राहिले. आमिनाबाई ऐंशीच्या घरातल्या, विधवा, जिभेच्या तिखट. सगळा मोहल्ला त्यांना रिवाजाप्रमाणे ‘उम्म अकबर’, म्हणजे अकबरची आई, म्हणे. शरदराव सरळ ‘यम्मा’, आई, म्हणत. त्या त्यांना ‘वलदी’, माझ्या लेका, म्हणत आणि लेकाला घालतात तशाच शिव्याही घालत. दोघांचं आठवड्यातून एकदा भांडण होई आणि भांडण झालं नाही त्या आठवड्यात बाईंना करमत नसे.

यंदा बाईंच्या गुडघ्यांनी जिना चढायला नकार दिला. तेव्हा अकबरने, त्यांच्या पन्नाशीतल्या मुलाने, अंगणाची एक पट्टी घेऊन तळमजल्यावर आईसाठी नवी खोली काढली. मुलगा वाईट नव्हता. फक्त त्याला विकत आणलेली प्रत्येक गोष्ट चांगलीच वाटे. धुळीचा कण आत येऊ नये म्हणून त्याने दुहेरी काचांच्या खिडक्या बसवल्या, दाराला रबर लावलं. ऑक्टोबरात खोली उभी राहिली आणि प्रश्न आला उबेचा. कुवेतमध्ये हीटर कशाला, असं ज्याला वाटतं त्याने जानेवारीत इथे येऊन फरशीवर अनवाणी उभं राहून दाखवावं. वाळवंटातली थंडी हाडात शिरते, आणि घरं सगळी उन्हाळ्याच्या धाकाने बांधलेली.

“वलदी, तूच सांग काय लावायचं ते,” बाई म्हणाल्या. “तुझं तेच तर काम आहे.”

शरदरावांनी खोलीत तासभर घालवला. सिलिंडरवरचा गॅसचा हीटर त्यांनी दारातच बाद केला. लाल तारांचा विजेचा हीटर बाईंच्या लांब झग्याजवळ नको. तेलाचा चालला असता, पण त्याची वायर वाटेत, आणि बाई चालतात पाय घासत. शेवटी त्यांनी एका पुठ्ठ्यावर लिहून दिलं: भिंतीवर उंच बसणारा हॉट अँड कोल्ड एसी. खाली रेघ मारून आणखी एक ओळ लिहिली, ‘हॉट मशीनमध्ये पाहिजे, रिमोटवर नको.’

ही ओळ उगाच नव्हती. इकडे विकायला येणारे बहुतेक एसी नुसते गार करणारे असतात. रिमोट मात्र एकाच साच्यातले, सगळ्यांवर छोटासा सूर्य छापलेला. ते बटण इथे कुणी दाबतच नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

अकबरने पुठ्ठा खिशात घातला, दुकानात गेला, आणि विक्रेत्याने रिमोटवर सूर्य दाखवताच खूश होऊन एसी घेऊन आला. शरदराव तेव्हा ड्यूटीवर होते. डिसेंबरात पहिली थंडी पडली, बाईंनी सूर्य दाबला आणि मशीनने त्यांच्या टाळक्यावर बर्फासारखी हवा सोडली. शरदरावांनी गच्चीवर जाऊन बाहेरचं मशीन उघडलं. गॅसची दिशा उलटी फिरवणारा व्हॉल्व्ह त्यात नव्हताच. त्यांनी खाली येऊन तसं सांगितलं, आणि सांगताना अकबरच्या बहिणी-मेहुण्यांसमोर सांगितलं. इथे चूक झाली ती त्यांची. चारचौघांत मालकाची चूक दाखवायची नसते, एवढं सतरा वर्षांत कळायला हवं होतं.

अकबरचा चेहरा उतरला, पण मान ताठ राहिली. “एसी तर नावाला आहे,” तो म्हणाला. “उबेसाठी मी वेगळाच बेत केलाय. निखाऱ्यांची शेकोटी. खैरानला समुद्राकाठच्या आपल्या सुट्टीच्या घरात असते तशी.”

आठ दिवसांत भिंतीत संगमरवरी कोनाडा तयार झाला, वर चिमणी. आणि बाई हरखल्या! लहानपणी त्यांच्या आईची किटली निखाऱ्यांवर असे, आलं घातलेलं दूध त्यावर उकळे. “मशीनची ऊब ती काय ऊब,” त्या म्हणाल्या. “माणसाला विस्तव दिसला पाहिजे.” ज्या बाईंसाठी शरदराव भांडत होते, त्याच आता अकबरच्या बाजूला जाऊन बसल्या.

शरदराव पुन्हा गच्चीवर गेले. पाहतात तो चिमणीच्या तोंडावर सिमेंटची फरशी, चारी बाजूंनी पक्की बुजवलेली. गवंडी म्हणाला, वरून धूळ येते म्हणून मालकांनीच बंद करायला सांगितली. कोनाडा शोभेचा होता, चिमणी शोभेची होती, आणि निखारे तेवढे खरे असणार होते.

ते तडक अकबरकडे गेले. “चिमणी बंद आहे.”

“धूरच नसतो तर चिमणी कशाला?” अकबर म्हणाला. “कोळसे अंगणात फुलवायचे, लाल झाले की आत आणायचे. आमचे आजे-पणजे तंबूत हेच करत होते, मोहंदिस. त्यांना काही झालं नाही.”

मोहंदिस म्हणजे इंजिनिअर. शरदराव इंजिनिअर नव्हते, हे अकबरला ठाऊक होतं.

“तंबूच्या कापडातून वारा ये-जा करतो. खैरानला तुम्ही समुद्रासमोर उघड्यावर बसता. ही खोली तुम्ही बरणीसारखी बंद केलीय. धूर दिसत नाही हीच तर भानगड आहे. दिसला असता तर माणूस पळाला असता.”

“तू तुझं इस्पितळ सांभाळ,” अकबर म्हणाला.

घरी शामलाने त्यांना पाणी दिलं. ती दवाखान्यात नर्स. कोंडलेल्या कोळशाच्या हवेने माणूस झोपेतच कसा जातो ते तिला पुस्तकातून पाठ होतं. तरी म्हणाली, “तुमचं बरोबर आहे. पण सांगून झालं ना? आता कशाला नादी लागायलेत त्यांच्या? उद्या निघा म्हणाले तर सतरा वर्षांचा पसारा घेऊन कुठं जायचं?”

शरदरावांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. बोलायचं होतं ते पंचवीस वर्षांत बोलले नव्हते.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर, खोलीचा समारंभ होता. मुली, जावई, शेजारणी जमल्या. शामलाने धपाट्यांचा डबा नेला होता, वर जाड फडकं गुंडाळून. बाई नव्या खुर्चीत राणीसारख्या बसल्या होत्या. अंगणात कोळसे फुलून लालबुंद झाले, तसं अकबरने शेगडीची कडी धरली आणि ती मिरवत आणून कोनाड्यात ठेवली. सगळ्यांनी वाहवा केली. कुणीतरी दार लावून घेतलं, थंडी येते म्हणून.

“पाहिलंस वलदी?” बाई म्हणाल्या. “आज मी इथेच झोपणार. विस्तवापाशी.”

शरदरावांनी दार उघडलं. मग शामलाच्या डब्यावरचं फडकं ओढलं, हाताला गुंडाळलं आणि कोनाड्यातली शेगडी उचलली.

“ठेव ती खाली,” अकबर ओरडला. “हे माझं घर आहे. तू भाडेकरू आहेस!”

“आहे. शेगडी बाहेर जाईल.”

“मग महिनाअखेर मुलहक रिकामा कर!”

शामलाने डबा खाली ठेवला. काल हीच बाई पसाऱ्याची काळजी करत होती. ती उठली, दार पूर्ण उघडून धरलं आणि नवऱ्याला मराठीत म्हणाली, “पेट्या मी भरते. तुम्ही शेगडी धरा नीट, भाजंल.”

शरदरावांनी शेगडी अंगणाच्या मधोमध नेऊन ठेवली. मागून बाईंचा आवाज आला, कापरा आणि संतापलेला. “माझा विस्तव आहे तो! माझ्या आईची आठवण आहे. तू कोण रे मला सांगणारा?”

शरदराव वळले. फडकं हातातच होतं.

“मी एक माणूस मारलाय, यम्मा,” ते म्हणाले.

त्यांनी ते उभ्या-उभ्याच सांगितलं, मोडक्यातोडक्या अरबीत. कुवेतमधली पहिली थंडी. अम्गऱ्याच्या कारखान्यांच्या वस्तीत एका वर्कशॉपमागे पत्र्याची खोली. शरद आणि देवेंद्र, शेजारशेजारच्या गावचे, एकाच विमानाने आलेले. देवेंद्र इतका घोरायचा, की पलीकडच्या खोलीतले लोक पत्रा बडवायचे. एका संध्याकाळी फार गारठा होता. शरदने बाहेर कोळसे फुलवले, डब्यात घालून आत आणले, पत्र्याच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, आणि स्वतः रात्रपाळीला निघून गेला. सकाळी परत आला तेव्हा दारापाशीच थबकला, कारण आतून घोरण्याचा आवाज येत नव्हता.

“कोळसे मी आणले होते. फटी मी बुजवल्या. गावाकडे सांगितलं, हृदय बंद पडलं. त्याच्या आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, तू होतास सोबत, हे बरं झालं.” शरदरावांचा आवाज फाटला. “तिला मी खरं सांगितलं नाही. आता तीही नाही. मला घालवा घरातून, पण तो विस्तव मी आत येऊ देणार नाही. दहा वेळा आणाल, तर दहा वेळा बाहेर नेईन.”

शामला भिंतीला टेकून उभी होती. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने हे ऐकलं नव्हतं. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

आमिनाबाईंनी त्या निखाऱ्यांकडे पाहिलं.

“नाव काय म्हणालास त्याचं?”

“देवेंद्र.”

त्यांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, “अकबर, माझी खुर्ची अंगणात ठेव.”

“यम्मा, बाहेर गारठा आहे.”

“आहे. विस्तव जिथे असेल तिथे मी बसेन. आणि झोपायला मी वरच्या जुन्या खोलीत जाईन. तू मला उचलून ने, मी तुला उचललं होतं. मशीन बदलून येत नाही आणि याच्या पेट्या उघडत नाहीत, तोवर तुझ्या या बरणीत मी पाऊल टाकणार नाही.”

हट्ट काय असतो ते शरदरावांना वाटायचं आपल्याला ठाऊक आहे. पुढचे तीन दिवस त्यांनी खरा हट्ट पाहिला. रोज संध्याकाळी बाई शाली पांघरून अंगणात निखाऱ्यांपाशी बसत, आल्याचं दूध उकळत, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून पाजत आणि विचारलं तर खणखणीत सांगत, की मुलाने खोली फार सुंदर बांधली आहे, फक्त माणसाने त्यात जगायची सोय राहून गेली. मुलहकमध्ये शामलाने खरंच चार पेट्या भरल्या होत्या. अकबर रोज आईला पाठीवर घेऊन जिना चढे.

चौथ्या दिवशी दुपारी त्याने मुलहकचं दार वाजवलं. मागे गाडीत एक खोकं होतं. अजून बांधलेलं.

“मी घेतलेलं नाही,” तो शरदरावांकडे न बघता म्हणाला. “दुकानदाराला सांगितलंय, आधी आमचा माणूस उघडून पाहील. मग सही.”

“शिडी आण,” शरदराव म्हणाले.

गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवलेल्या खोक्याला शिडी कशाला, हे अकबरला कळलं नाही. पण त्याने आणली. शरदरावांनी मशीनची पाठ उघडली, व्हॉल्व्हवर बोट ठेवलं, अकबरचं बोट धरून तेही त्यावर ठेवलं. मग शिडी गच्चीला लावली. जुनं मशीन उतरलं, नवं चढलं. अंधार पडायच्या आत अकबरने स्वतः सूर्य दाबला. मशीन थोडा वेळ गप्प राहिलं. अकबरने धास्तावून शरदरावांकडे पाहिलं. “थांबा जरा, त्याला दम घेऊ द्या,” ते म्हणाले. आणि मग हवा आली, कोमट, पुढे चांगली गरम. दोघं हात वर करून तिच्याखाली उभे राहिले.

“त्या पेट्या,” अकबर म्हणाला. “उघडा त्या.”

माफी म्हणतात ती एवढीच झाली. शरदरावांना तीही पुष्कळ वाटली.

दुसऱ्या दिवशी शरदरावांची सुट्टी होती. दुपारी जेवणं झाल्यावर आमिनाबाई पहिल्यांदा नव्या खोलीत आडव्या झाल्या. शरदराव हातात रिमोट घेऊन दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. मशीन नीट चालतंय का ते बघायला, असं त्यांनी शामलाला सांगितलं. शामलाने काही न विचारता शेजारी दुसरी खुर्ची टाकली.

थोड्या वेळाने आतून आवाज सुरू झाला. आधी हळू, मग जोरात, मग असा की दाराच्या काचा थरथराव्यात. ऐंशी वर्षांची ती म्हातारी बेशरमपणे, मनसोक्त घोरत होती.

“किती घोरायलेत बाई,” शामला पुटपुटली. “दार लोटून घेऊ का?”

“नाही,” शरदराव म्हणाले. “ऐकू दे.”