तळापासून वीतभर वर

"तळाशी आपलं काही काम नाही," असं म्हणत ते दोरी पाण्यात सोडायचे आणि माझ्याकडे न बघता विचारायचे, "मोजताय ना?"

मी मोजायचो. ते माझे शेजारी, आमच्या कोथरूडच्या सोसायटीत माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली, तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते घरी बसले आणि मासे धरायला आमिष म्हणून गळाला कोंबड्याची पिसं बांधून खोट्या माश्या करू लागले. थंडीत महाशीर मासा खोल जातो, म्हणून माशीही खोल सोडावी लागते. आणि खोल सोडली की ती दगडांत अडकते. त्यांचा उपाय साधा होता. गळाचं टोक वर राहील अशी माशी बांधायची आणि ती बुडू लागली की आकडे मोजायचे. पानशेतच्या खाली आमचा डोह होता. तिथे पंधराला माशी तळाला लागायची, म्हणून चौदाला ओढायची. मासा मिळाला तर ते सोडून द्यायचे. "ओळख झाली, पुरे."

तरीही अडकलीच, तर दोरी तोडायची नाही हा त्यांचा नियम. गावातल्या बायका त्याच डोहाच्या कडेला धुणं धुवायच्या. गळ कुणाच्या पायात गेला तर? म्हणून भर डिसेंबरात छातीभर गार पाण्यात उतरून ते गळ सोडवून आणायचे.

मग काठावर रिसॉर्ट आली. शनिवार-रविवार आयटीतल्या मुलामुलींच्या गाड्या लागू लागल्या. शिकलेली, चांगल्या पगाराची माणसं, आणि उष्ट्या ताटल्या, हाडं, बाटल्या सरळ पाण्यात. आमचा आकडा चौदाचा अकरा झाला, अकराचा आठ. दगड वर आले नव्हते, घाण वर आली होती. एकदा गळाला लहान मुलाचा वापरलेला डायपर आला. मी नाक दाबून मागे सरलो. ते शांतपणे म्हणाले, "अहो, हाही सोडून द्यायचा का?"

त्या रविवारी माशी सातलाच अडकली. सोडवायला ते उतरले आणि फुटक्या बाटलीने त्यांची टाच उभी चिरली. मी त्यांना तसंच दवाखान्यात घेऊन गेलो. मधुमेहामुळे डॉक्टरांनी ठेवून घेतलं. टाके पडत असताना ते एकच म्हणत होते, "गळ तिथेच राहिला. उद्या बायका येतील."

सोमवारी सकाळी मी डोहावर गेलो. बायका माझ्या आधीच आल्या होत्या. मी पँट दुमडून त्या गिळगिळीत पाण्यात चाचपडू लागलो.

"काय शोधता वो?" एकीने विचारलं.

"गळ राहिलाय. पिसं लावलेला."

तिने साबणाच्या हाताने खडक दाखवला. खडकावर काचांचा ढीग होता, त्यात इंजेक्शनच्या दोन सुया, आणि वर आमची माशी. "रोज काढून ठिवतो आमी, तवा पाय ठिवायला जागा हुती. येवढ्या एका गळासाठी तुमी पुण्यावरनं आला?"

हसली नाही ती. मी गळ उचलून निघालो.

दवाखान्यात तो त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी टोकावरून नख फिरवलं. "कुणाला लागला नाही ना?"

"नाही."

"मग आता तिथे काही राहिलं नाही."

"तुमचं काही राहिलं नाही," मी म्हणालो. काचांचं आणि सुयांचं सांगितलं नाही.

ते समाधानाने झोपले. त्यानंतर तीन वर्षं ते होते. डोहावर मात्र पुन्हा आले नाहीत.