एलुनेडच्या हातातलं बॅटन

कुमग्लास गावच्या धावण्याच्या क्लबात एलुनेड प्रॉसरइतकं हळू कुणी पळत नाही. यात चहाडी कसली, ती स्वतःच चारचौघांत सांगते. शाळेत पोरांचं जेवण रांधणारी, साठीला टेकलेली, गुटगुटीत बाई. पण दर मे महिन्यात डोंगरावरच्या रिलेत तिला घ्यावंच लागतं, कारण क्लबाच्या तिसऱ्या संघाला माणसंच मिळत नाहीत.

दिवसभराची ही धाव. एकानं आपला टप्पा पळायचा आणि पुढच्याच्या हातात बॅटन द्यायचं. पण बाराला भोंगा वाजतो, आणि ज्यांचा गडी तोवर आलेला नसतो त्यांच्या पुढच्या गड्यांना बॅटनशिवायच एकदम पळायला सोडतात. नाहीतर रिले संपायची कधी? एलुनेड बाराच्या आत कधी म्हणजे कधीच आली नव्हती. बॅटन द्यायच्या जागी, खिंडीत, ती उतरायची तेव्हा तिथं चिखल असायचा आणि चहाचे पेले गोळा करणारी दोन माणसं. बॅटन पिशवीत टाकून ती बसनं घरी यायची.

"एकदा, फक्त एकदा, कुणीतरी माझ्या हातातनं ते दांडकं घ्यावं रे," ती नवऱ्याला म्हणायची.

"मग पळ की जोरात," ग्विलिम पेपराआडून म्हणायचा. मेल्याला काय जातंय सांगायला!

तिच्या पुढचा टप्पा डिलविन खाटकाचा. तो मात्र खूश असायचा. "तू ये सावकाश, एलुनेड. घाई कसली?" कारण डोंगरावर धुकं आलं की डिलविनला डावं-उजवं कळत नाही. मागं एकदा एकटा सुटला, तो थेट पलीकडच्या खोऱ्यात कुणाच्या तरी लग्नात उतरला. तिथं पोटभर जेवला आणि नवरदेवाच्या मामाच्या गाडीतनं घरी आला. भोंग्यानंतर सगळे एकदम सुटले की कसं, पुढच्याची पाठ धरली की झालं.

यंदा एलुनेडनं मनावर घेतलं होतं. हिवाळाभर ती पावसात, बर्फात पळाली. त्या दिवशी पायांनीही साथ दिली. चढावर तिनं चक्क दुसऱ्या क्लबाच्या एका लंबूला मागं टाकलं. तो चकित झाला, ती त्याहून जास्त.

आणि मग ते फाटक आलं. पुढच्या कुणीतरी ते सताड उघडं टाकलं होतं आणि मेंढ्या कोकरांसकट रस्त्याकडे निघाल्या होत्या. शहाणा माणूस पळत राहिला असता. लंबू राहिलाच. पण एलुनेड मेंढपाळाची लेक. फाटक उघडं टाकणाऱ्या पोराला तिच्या माहेरी रात्रीचं जेवण मिळत नसे.

"कुठल्या मुडद्यानं उघडं टाकलं हे!" म्हणत तिनं मेंढ्या आत हाकलल्या. कडी तुटलेली. फाटकाला लोंबणारी सुतळी बांधायला दोन्ही हात हवेत, म्हणून बॅटन दगडी भिंतीवर ठेवलं. गाठ मारली, ओढून बघितली आणि धूम ठोकली.

खिंडीत उतरते तो काय, माणसंच माणसं! भोंगा व्हायचा होता! डिलविनचं तोंड उतरलं.

"अगं, तू? आत्ताच?" मग त्यानं तिच्या हाताकडं बघितलं. "बॅटन कुठाय?"

"भिंतीवर."

"कुठल्या भिंतीवर?"

"फाटकाच्या."

"तिथं काय करतंय ते?"

एलुनेड गर्रकन वळली. आली तशी उलटी चढायला लागली.

"अगं, राहू दे! भोंगा होईलच आता!" डिलविन ओरडला.

भोंगा झालाच. ती फाटकापाशी पोचत होती तेव्हा ऐकू आला. बॅटन उचललं, त्याला दोन शिव्या दिल्या, स्वतःला चार दिल्या आणि ती चालत उतरू लागली. आता पळायचं कुणासाठी?

शेवटच्या वळणावर तिला खिंड दिसली. गर्दी गेली होती. डिलविन मात्र रेषेवर हात पुढं करून उभा होता, आखूड चड्डीत कुडकुडत. पंच पोरगा त्याच्याशी हुज्जत घालत होता.

"अहो काका, भोंगा झालाय, जा की! संघ बाद होईल."

"होऊ दे बाद. तू बाजूला हो, ती येतेय." मग त्यानं वर बघून बोंब मारली. "चालतेस काय गं? पळ! गारठलो मी इथं!"

एलुनेड पळाली. आयुष्यात पळाली नव्हती अशी पळाली आणि बॅटन त्याच्या तळव्यावर आपटलं.

"अंधार पडेपर्यंत आलो नाही तर ग्विलिमला गाडी घेऊन पाठव," म्हणत डिलविन एकटाच धुक्यात शिरला.

एलुनेड चिखलात मटकन बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. पंच पोरगा घाबरून औषधाची पेटी घेऊन धावला.

"कुठं लागलं, मावशी?"

"लागलं कुठं रे," ती नाक पुसत म्हणाली. "घेतलं ना त्यानं!"