‘ठीक आहे’चं बटण

मुरगूडच्या चनबसाप्पांची थोरली लेक दानेश्वरी कोल्हापुरात नेमकं काय काम करते, हे तिच्या गल्लीत कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. चनबसाप्पांचं किराणा दुकान. गिऱ्हाइकानं विचारलं की तराजूवरची नजर न काढता ते म्हणायचे, "कॉम्प्युटरवर असती." तेवढ्यावर विषय संपायचा.

ती वेबसाइट बांधायची. वेबसाइटचा जो भाग माणसाच्या डोळ्यांना दिसतो आणि बोटाला लागतो, तो तिचा. बटण कुठं असावं, अक्षर केवढं असावं, फोनच्या अरुंद पडद्यावर आधी काय यावं आणि काय खाली सरकावं, हे ती ठरवायची. तिच्या लेखी प्रत्येक पान म्हणजे एक चौकट, त्या चौकटीत दुसरी, दुसरीत तिसरी. बाहेरून आणलेले तयार साचे इंग्रजीच्या मापाचे असत. त्यात मराठी ओतलं की वरच्या वेलांट्या कापल्या जायच्या, खालचे उकार पुढच्या ओळीत घुसायचे. दानेश्वरी एकेक ओळ हलकेच उचलून तिला श्वासाला जागा करून द्यायची. ही मेहनत कुणाला दिसत नसे. कापलेली वेलांटी मात्र सगळ्यांना दिसली असती.

राजारामपुरीत एका बेकरीच्या वर गुरुप्रसादांचं छोटं ऑफिस होतं. खालून पावाचा गरम वास यायचा आणि वर दानेश्वरी सहा वर्षं त्याच खुर्चीत बसलेली. सोबतचे आले, शिकले, पुण्याला गेले. जाताना प्रत्येकानं आपली कामं हिच्या हवाली केली. अशा चाळीस साइट झाल्या. प्रत्येक साइट ज्या साली बांधली त्या सालच्या हत्यारांवर, म्हणजे त्या वेळच्या सॉफ्टवेअरवर, चालायची, आणि ही हत्यारं दर दोन-चार महिन्यांनी बदलायची. एकीसाठी नवं बसवलं की दुसरी अडून बसायची. कुठल्या साइटला कुठलं जुनं हत्यार लागतं, ते फक्त दानेश्वरीच्या डोक्यात होतं.

गुरुप्रसाद वाईट माणूस नव्हता. "दाने, तू घरचीच की," म्हणायचा, आणि तसं वागायचाही. संक्रांतीला त्याच्या घरून तिच्यासाठी पोळ्या यायच्या. चुलतबहिणीच्या लग्नात दानेश्वरी हातात अक्षता घेऊन उभी होती, तेव्हाही त्याचा फोन आला होता. "ते बटण खाली सरकलंय गं. दोन मिनटाचं काम हाय." तिनं मांडवाच्या मागं, भांड्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून बटण वर घेतलं. बाहेर आली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, तिच्या मुठीत होत्या तेवढ्याच राहिल्या होत्या. त्या दिवसापासून लॅपटॉप कधी तिच्या खांद्यावरून उतरला नाही. एसटीत तो मांडीवर, मुरगूडच्या तळ्याकाठी तो शेजारी.

अशात पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. मुलाखतीच्या दोन फेऱ्या पार पडल्या. शेवटची गुरुवारी अकरा वाजता, व्हिडिओवर होती. तिथं हेच काम बाराजण मिळून करत होते. अवंतिका नावाच्या बाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं एखादा सुट्टीवर गेला तर काम थांबत नाही." दानेश्वरीनं पगार नंतर विचारला. ते वाक्य मात्र तिनं आधी मनात ठेवून घेतलं.

गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडं जायचंय असं तिनं ऑफिसात सांगितलं. मैत्रिणीच्या रिकाम्या खोलीची किल्ली पर्समध्ये होती. साडेनऊला फोन वाजला.

"दाने, डोळ्यांच्या दवाखान्यातनं बोंब आल्या. आठवडा झाला, पेशंट साइटवरनं वेळ घिऊन येत्यात आन् यादीत नाव न्हाय."

"माझ्याकडं सगळं बरोबर दिसतंय, सर."

"तिथं जाऊन बघ की. दात काय पळून जातोय व्हय?"

"बरं. जाऊन येतो," ती म्हणाली.

दवाखान्यात बाकावर झुंबरबाई बसल्या होत्या. गगनबावड्याकडून पहाटेची एसटी धरून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेल्या. त्यांची सून खिडकीशी भांडत होती. दानेश्वरी जवळ जाताच ती वळली.

"पावणं, तुमीच बघा. काल नाव हुतं. वेळ हुती. ह्या डोळ्यांनी बघितलंय."

"मग तुम्ही काय केलंसा?"

"काय न्हाय. फोननं इचारलं, मी सांगितलं."

"काय इचारलं?"

दानेश्वरीनं आपल्या फोनवर एक खोटी नोंद करून फोन तिच्या हातात दिला. सुनेनं पडद्यावरच्या वेळेवर बोट ठेवलं. शेजारीच तांबडा ‘रद्द’ होता, बोट त्याला लागलं. लगेच चौकट उघडली: ‘वेळ रद्द करायची आहे का?’ खाली दोन बटणं. ‘रद्द’ आणि ‘ठीक आहे’. सुनेनं क्षणाचाही विचार न करता ‘ठीक आहे’ दाबलं. नोंद गेली.

"हे का दाबलंसा?"

"मग? वेळ ठीक हाय. आमी येनार हाय. रद्द कशाला दाबू?"

बाकावरून झुंबरबाई म्हणाल्या, "ठीक हाय म्हनल्यावर नाव खोडत्यात व्हय गं तुमच्यात?"

दानेश्वरीला हसू आलं नाही. ते शब्द तिचेच होते. साच्यात ‘कॅन्सल’ आणि ‘ओके’ असं होतं, आणि सहा वर्षांपूर्वी एका दुपारी तिनं त्यावर मराठी चढवलं होतं. ‘रद्द’ म्हणजे हा प्रश्न रद्द, असं तिच्या मनात. मनातलं बटणावर उमटत नाही. इतके दिवस वेळ रद्द करायची वाट पानाच्या तळाशी होती म्हणून कुणी तिकडं फिरकलं नव्हतं. गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या सांगण्यावरून तिनंच ती वर, वेळेच्या शेजारी आणली होती. पाच फोनवर तपासलीही होती. तपासणारी तीच, म्हणून प्रत्येक वेळी बटण बरोबर दाबलं गेलं.

दहा पस्तीस झाले होते. बदलायची होती दोन बटणांवरची अक्षरं. तिनं बाकावरच लॅपटॉप उघडला, आणि हत्यार सुरूच होईना. गेल्या महिन्यात हुपरीच्या एका चांदीवाल्यासाठी तिनं नवं बसवलं होतं, आता ते काढून जुनं नेटवरून उतरवायला हवं होतं. नेट मुंगीच्या पावलानं चाललेलं. तिनं गुरुप्रसादला फोन लावला.

"सर, ऑफिसचं नेट जोरात हाय. मी सांगतो तसं तुम्ही तिथनं करा."

"मला काय कळतंय त्यातलं? तूच कर बाई."

दहा पन्नास. लॅपटॉप मिटून निघावं, दुपारी येऊन करावं, असं तिला वाटलं. उठलीही. तेवढ्यात खिडकीतली बाई म्हणाली, "उद्याच्या यादीतली आणिक दोन नावं गेली बघा आत्ता." दानेश्वरी परत बसली. पडद्यावरची निळी पट्टी मुक्कामाला आल्यासारखी एका जागी थांबली होती.

अकराला पुण्याहून फोन आला.

"मॅडम, मला अर्धा तास मिळेल का?"

"साडेअकराला दुसरे उमेदवार आहेत, दानेश्वरी. आज शेवटचा दिवस होता." अवंतिकाबाईंचा आवाज मऊ होता, त्यामुळं जास्त लागला. "पुढं जागा निघाली तर कळवू."

अकरा वाजून वीस मिनिटांनी नवी बटणं चढली. ‘राहू दे, मी येणार’ आणि ‘रद्द करा, मी येणार नाही’. सुनेनं दोन्ही मोठ्यानं वाचली.

"आता कसं! हे आदीच लिवायचं की."

खिडकीतल्या बाईनं झुंबरबाईंचं नाव यादीच्या शेवटी घातलं.

दुपारी ऑफिसात दानेश्वरीनं नवी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं: ‘डोळ्यांचा दवाखाना. आधी नवीन हत्यार काढायचं. मग जुनं बसवायचं, क्रमांक असा...’ गुरुप्रसाद चहाचा कप घेऊन तिच्या मागं येऊन उभा राहिला.

"हे काय लिवतीस?"

"मी नसल्यावर कसं करायचं, ते. चाळीसच्या चाळीस साइटचं. पहिलं पान झालं की तुमच्याकडनं करून घेणार हाय."

त्यानं कप टेबलावर ठेवला.

"कुठं चाललीस?"

"अजून कुठंच न्हाय," दानेश्वरी म्हणाली, आणि खुर्ची सरकवून तिनं त्याला कीबोर्डसमोर जागा करून दिली.